अँट्रिमचा किनारा एका दिवसात: खासगी मार्गदर्शक घ्यावा का, आणि घेतला तर दिवस कसा आखावा

डब्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे आई-वडील सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकहून येत आहेत. वडील ७२ वर्षांचे आहेत, आईंचे गुडघ्यांचे दुखणे जुने आहे, आणि बरोबर ताईंचे पती व ९ वर्षांचा मुलगा असेल. उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिम परगण्याचा समुद्रकिनारा, विशेषतः तिथला हजारो दगडी खांबांचा जायंट्स कॉजवे, पाहण्यासाठी एका दिवसाची खासगी गाडी मार्गदर्शकासह ठरवण्याचा त्यांचा विचार आहे. सकाळी सातला डब्लिनहून निघून संध्याकाळी सातला परत यायचे, आणि वाटेत कॅरिकफर्गसचा किल्ला, ग्लेनआर्म, कुशेनडन, कॅरिक-अ-रीडचा दोरांचा पूल, बॅलिंटॉय बंदर, जायंट्स कॉजवे, डनलूसचा किल्ला, बुशमिल्स गाव आणि डार्क हेजेस अशी नऊ ठिकाणे पाहायची. बसच्या सहलीपेक्षा याला कितीतरी अधिक पैसे पडतात; ते सार्थकी लागतील का, आणि यादीतले काही गाळावे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी बेलफास्टमध्ये राहतो आणि याच किनाऱ्यावर पाहुण्यांना स्वतःच्या गाडीतून फिरवण्याचे काम अनेक वर्षे करतो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. पैसे सार्थकी लागतील, परंतु या आराखड्यात लागणार नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. यादीतली दोन-तीन ठिकाणे गाळल्याने मूळ अडचण सुटणार नाही, कारण या दिवसाचा मोठा भाग यादी सुरू होण्याआधीच रस्त्याने खाल्ला आहे.

हिशेब मांडून पाहा. डब्लिन ते बेलफास्ट हे अंतर सुमारे १७० किलोमीटर असून त्याला दोन तास लागतात. बेलफास्टहून किनाऱ्याच्या रस्त्याने कॉजवेपर्यंत कुठेही न थांबता गेले तरी अडीच ते तीन तास हवेत, कारण तो रस्ता वळणांचा आणि गावागावांतून जाणारा आहे. कॉजवेहून डब्लिनला परतायला महामार्गानेसुद्धा तीन तास लागतात. म्हणजे बारा तासांपैकी आठ तास गाडीत गेले. उरलेल्या चार तासांत नऊ ठिकाणे, जेवण, स्वच्छतागृह आणि आईंना गाडीतून उतरून पुन्हा चढायला लागणारा वेळ बसवायचा, म्हणजे एका ठिकाणी वीस मिनिटेही धड मिळत नाहीत. बसच्या सहलीवर आपली जी तक्रार असते, की नुसते उतरवले, छायाचित्र काढायला लावले आणि पुन्हा कोंबले, तीच सहल आपण अधिक पैसे मोजून विकत घेतल्यासारखे होईल.

खासगी गाडीचे पैसे आपण नेमके कशासाठी देतो, हे एकदा पक्के ठरवले की बाकीचे निर्णय सोपे होतात. ते पैसे अधिक ठिकाणांसाठी नसतात. ठिकाणांचा क्रम बदलण्याची मोकळीक, गर्दीच्या आधी किंवा नंतर पोहोचण्याची सोय, मोठी बस जाऊ शकत नाही अशा रस्त्याने जाता येणे, आणि वारा-पाऊस पाहून त्या क्षणी निर्णय घेणारा माणूस सोबत असणे, या चार गोष्टींसाठी ते असतात. आराखडा या चारांपैकी एकाचाही उपयोग करत नसेल तर बस बरी. दोनच धडधाकट माणसे असतील तर मी स्वतःच त्यांना सांगतो की बेलफास्टहून पोर्टरशला रेल्वेने जा आणि तिथून किनाऱ्यावरची सार्वजनिक बस घ्या. खासगी गाडीची गरज नाही. आपल्या कुटुंबाची गोष्ट वेगळी आहे. पाच माणसांत गाडीचे भाडे विभागले जाते, आणि गुडघ्यांच्या दुखण्यात दारापासून दारापर्यंत जाता येणे याचे मोल पैशांत मोजता येत नाही.

मात्र आराखड्याकडे वळण्यापूर्वी एक महत्त्वाची बाब तपासा, कारण ती राहून गेली तर बाकी सगळे व्यर्थ आहे. जायंट्स कॉजवे उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये आहे. डब्लिनहून येताना सीमेवर कोणी थांबवत नाही, फलकांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात आणि दुकानात युरोऐवजी पौंड चालतात, एवढाच फरक जाणवतो. परंतु तपासनाका नसला तरी प्रवेशाचा कायदा लागू आहेच. भारतीय पारपत्रधारकांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना २०१५ पासून आहे. आई-वडिलांच्या आयरिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ ही अक्षरे असतील आणि त्यांनी आधी आयर्लंडमध्ये प्रवेश केलेला असेल, तर त्याच व्हिसावर त्यांना उत्तरेत जाऊन परत येता येते. ती अक्षरे नसतील तर नुसता आयरिश व्हिसा उत्तरेत चालत नाही.

खरी गफलत आई-वडिलांच्या बाबतीत होत नाही, ती यजमानांच्या बाबतीत होते. तुम्ही आणि तुमचे पती भारतीय पारपत्रावर डब्लिनमध्ये राहत असाल, तर तुमचे आयरिश रहिवासी कार्ड उत्तर आयर्लंडच्या प्रवेशासाठी पुरेसे नाही. तुम्हा दोघांना ब्रिटनचा स्वतंत्र पर्यटक व्हिसा लागतो. मुलाचे पारपत्र भारतीय असेल तर त्यालाही तोच नियम आहे, आयरिश असेल तर त्याचा प्रश्न मिटला. पुण्या-नाशिकहून आलेले आई-बाबा जाऊ शकतात आणि त्यांना घेऊन जाणारी मुलगीच जाऊ शकत नाही, असा प्रसंग मी एकापेक्षा अधिक कुटुंबांत पाहिला आहे. ‘कोणी विचारत नाही’ असे सांगणारे भेटतील, परंतु सीमेवरच्या बसगाड्यांमध्ये अधूनमधून तपासणी होते, आणि नोकरी व पुढचा मुक्काम ज्या देशांच्या नोंदींवर अवलंबून आहे तिथे हा धोका पत्करू नये. अर्जाला काही आठवडे लागतात, म्हणून तो आजच करा.

व्हिसाचे जमले असे गृहीत धरून पुढे सांगतो. पहिला बदल असा, की डब्लिनहून एका दिवसाचा हट्ट सोडा आणि आदल्या दिवशी बेलफास्टला मुक्कामाला या. डब्लिनच्या कॉनली स्थानकावरून बेलफास्टच्या ग्रँड सेंट्रल स्थानकापर्यंत आता जवळजवळ दर तासाला गाडी आहे आणि प्रवास सुमारे दोन तासांचा आहे. ज्येष्ठांना रेल्वेत पाय मोकळे करता येतात, स्वच्छतागृह असते, आणि खिडकीतून समुद्र दिसतो. एका रात्रीच्या खोल्यांचा खर्च वाढेल हे खरे, पण डब्लिन ते बेलफास्ट गाडी नेण्या-आणण्याचे चार तास मार्गदर्शकाच्या बिलातून कमी होतील. दोन्ही रकमा समोरासमोर ठेवून पाहा. पुष्कळदा फरक वाटतो तितका राहत नाही. शिवाय बारा तास एकाच माणसाने गाडी चालवायची आणि बोलायचेही, यात संध्याकाळी महामार्गावर त्याचे लक्ष किती उरेल, याचाही विचार करा.

दुसरा बदल दिशेचा आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बहुतेक सहली बेलफास्टहून किनाऱ्या-किनाऱ्याने वर जातात, दुपारी कॉजवेला पोहोचतात आणि आतल्या रस्त्याने परततात. मी पाहुण्यांना उलट नेतो. सकाळी आठला निघून आतल्या महामार्गाने थेट कॉजवे गाठायचे, ते सव्वा तासात येते. डब्लिन आणि बेलफास्टच्या बसगाड्या साधारण अकरानंतर येऊ लागतात. बेलफास्ट बंदरात पर्यटकांचे मोठे जहाज लागलेले असेल तर गर्दी आणखी वाढते, आणि जहाजांचे वेळापत्रक आधीच जाहीर झालेले असते, म्हणून दिवस निवडतानाच ते पाहून घ्यावे. नऊ-सव्वानऊला पोहोचलेल्या माणसाला दगडांवर वाऱ्याचा आणि लाटांचा आवाज ऐकू येतो. अकरानंतर तो येत नाही.

उलट दिशेचा दुसरा लाभ रस्त्यावर आहे. इथे आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते. किनाऱ्याच्या उत्तर टोकाजवळच्या बॅलीकॅसल गावाहून दक्षिणेकडे लार्न गावाच्या बाजूला उतरताना समुद्र डाव्या हाताला राहतो, म्हणजे आपली गाडी समुद्राच्या कडेने चालते आणि थांबायच्या जागांत वाहतूक न ओलांडता शिरता येते. दुपारनंतर सूर्य जमिनीच्या बाजूला गेलेला असतो, त्यामुळे समोरचा स्कॉटलंडचा किनारा उजळतो. आकाश स्वच्छ असेल तर पलीकडची शेतेसुद्धा ओळखू येतात. आईंना पुढे डावीकडे बसवा. पाय लांब करायला जागा मिळते आणि सगळा किनारा त्यांच्या खिडकीत येतो.

आता कॉजवेविषयी, कारण या दिवसातला सर्वांत जास्त वेळ तिथे गेला पाहिजे. मी किमान अडीच तास धरतो. अभ्यागत केंद्रापासून दगडांपर्यंत सुमारे एक किलोमीटरचा उताराचा पक्का रस्ता आहे आणि थोड्या पैशांत तिथवर नेणारी छोटी बस आहे. आईंनी जाताना आणि येताना दोन्ही वेळा बसनेच जावे. उतार सोपा वाटतो म्हणून माणसे चालत जातात आणि परतीच्या चढावर गुडघे बोलू लागतात. उताराचाही भार गुडघ्यांवर पडतोच. तिकीट केंद्रासाठी आणि वाहनतळासाठी असते. किनारा सर्वांना मोकळा आहे. हे मार्गदर्शकाशी आधी बोलून घ्या, कारण काही जण तिकीट धरून भाव सांगतात आणि काही जण सोडून.

दगडांवर जाताना एकच नियम पाळा: पाण्याजवळचे काळे, ओले दगड टाळा. वरचे करडे दगड कोरडे असले की पाय धरतात. खालचे काळे दगड कोरडे दिसले तरी निसरडे असतात, आणि लाट केव्हा वर येईल याचा नेम नसतो. आजी-आजोबांसाठी काठावरच बसण्यासारखे सपाट खांब आहेत. तिथे बसून नातवाला खांबांच्या बाजू मोजायला लावा. बहुतेकांना सहा बाजू भरतील, पण पाच आणि सातच्याही पुष्कळ सापडतील, चार आणि आठच्या मात्र शोधाव्या लागतील. काही खांबांचा माथा वाटीसारखा खोलगट आहे आणि त्यात पावसाचे पाणी साचलेले असते. काहींचा फुगीर आहे. एकाच्या फुगवट्यावर दुसऱ्याची वाटी बसावी, अशा रीतीने एकेका खांबाचे तुकडे एकमेकांवर रचलेले आहेत. मोजणीचा खेळ सुरू झाला की मूल तासभर कंटाळत नाही.

मराठी पाहुण्यांना मी इथे आणखी एक गोष्ट दाखवतो, आणि ती दाखवताना मला स्वतःला दरवेळी आनंद होतो. हा सगळा खडक आपला ओळखीचा बसाल्ट आहे. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी युरोप आणि ग्रीनलंड एकमेकांपासून दूर जाऊ लागले, तेव्हा इथे लाव्हाचे थर पसरले; आपल्या दख्खनच्या पठाराचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. जाड थर सावकाश थंड होताना आकसला, पृष्ठभागावर भेगा पडल्या आणि त्या भेगा खाली खाली उतरत गेल्या, म्हणून हे खांब तयार झाले. असेच बसाल्टचे उभे खांब मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला आहेत, फक्त ते कितीतरी उंच आहेत आणि इमारतींच्या गर्दीत उभे आहेत. कॉजवेला सुमारे ४०,००० खांब आहेत आणि १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत या जागेची नोंद झाली.

मान वर करून कड्याकडे पाहिले की काळ्या थरांच्या मध्ये एक तांबडा पट्टा दिसतो. लाव्हाचा एक थर थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत खूप काळ गेला, तेव्हा इथली हवा उष्ण आणि दमट होती, आणि उघड्या खडकाची झीज होऊन तांबडी माती तयार झाली. नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको. आपल्या घाटरस्त्यांच्या कापलेल्या दरडीतही काळ्या थरांमध्ये असेच तांबडे पट्टे असतात. वाटेलगत काही ठिकाणी या झिजेतून उरलेले गोल गोळे कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले दिसतात. त्यांना हात लावून पाहता येते, पण सोलू नयेत. राक्षसाची दंतकथा, म्हणजे फिन मॅकूलने स्कॉटलंडच्या प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यासाठी ही वाट बांधली ही गोष्ट, मुलाला मार्गदर्शक सांगेलच. आजोबांना मात्र हा तांबडा पट्टा दाखवायला सांगा.

एक कळकळीची विनंती इथेच करतो. खांबांच्या फटींत पर्यटकांनी ठोकून बसवलेली नाणी तुम्हाला दिसतील. आपल्याकडे नदीत नाणे सोडण्याची श्रद्धा असल्यामुळे आपल्या माणसांचा हात सहज खिशाकडे जातो. कृपया नाणे ठोकू नका. खाऱ्या हवेत नाणे गंजते, फुगते आणि दगडाची कड फोडते, आणि गंजाचे डाग खांबावर ओघळतात. ही जागा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टनेही तसे जाहीर आवाहन केले आहे.

कॉजवेनंतर डनलूसचा किल्ला पंधरा मिनिटांवर आहे. समुद्रात घुसलेल्या कड्यावरचे हे मॅकडोनेल घराण्याच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमारातले ‘गिरोना’ हे जहाज कॉजवेजवळच्या खडकांवर फुटले, आणि त्यावरच्या तोफा काढून या किल्ल्याला बसवल्या गेल्या. त्याच जहाजावरचे सोने १९६७-६८ मध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्या शोधकांनी वर काढले आणि ते आज बेलफास्टच्या अल्स्टर संग्रहालयात आहे. किल्ला रस्त्यालगतच्या थांब्यावरून सर्वांत चांगला दिसतो. आत पायऱ्या आणि खडबडीत जमीन आहे. बाबांना आणि मुलाला हवे तर त्यांनी जावे, आईंनी बाहेरून पाहावे. बुशमिल्समध्ये जेवण घ्यावे. तिथली मद्य गाळण्याची भट्टी प्रसिद्ध आहे, पण लहान मूल आणि ज्येष्ठ सोबत असताना त्यासाठी तास घालवू नये.

जेवणाविषयी दोन वाक्ये जास्त लिहितो, कारण आई-बाबा शाकाहारी असतील तर इथे नेमके विचारावे लागते. ‘भाज्यांचे सूप’ कोंबडीच्या किंवा गोमांसाच्या रश्शावर केलेले असू शकते, आणि काही दुकानांत बटाट्याच्या चिप्स गोमांसाच्या चरबीत तळतात. वाढणाऱ्याला ‘हे शाकाहारी आहे का’ एवढेच विचारून थांबू नका. रस्सा कशाचा, तेल कोणते, असे विचारा. लोक रागावत नाहीत, आत जाऊन विचारून येतात. सोडा घालून केलेला गव्हाचा पाव, लोणी, चीज, स्कोन आणि चहा जवळजवळ सगळीकडे मिळतो. घरून ठेपले किंवा दशम्या आणल्या तर माझ्यासारखा मार्गदर्शक त्यासाठी चांगली जागा आनंदाने दाखवतो, फक्त गाडीत खाण्याची परवानगी आधी विचारावी.

कॅरिक-अ-रीडच्या पुलाबद्दल तुम्ही खास विचारले आहे. सॅमन पकडणाऱ्या कोळ्यांनी १७५५ मध्ये इथे पहिला पूल टांगला असे सांगतात. आजचा पूल सुमारे २० मीटर लांब आणि समुद्रापासून ३० मीटर उंच आहे. पूल सुरक्षित आहे, पण तिथवर जवळजवळ एक किलोमीटर चालावे लागते आणि शेवटी तीव्र पायऱ्या उतराव्या लागतात, ज्या परतताना चढाव्या लागतात. तिकीट ठरावीक वेळेचे असते आणि वारा वाढला की पूल बंद होतो. म्हणजे हे एकच ठिकाण सगळ्या दिवसाला वेळेची बेडी घालते. तुमच्या कुटुंबासाठी मी ते गाळीन आणि थोडे पुढे पोर्टानीव्हीच्या उंचवट्यावर थांबेन. तिथून पूल, रॅथलिन बेट आणि स्कॉटलंड असे तिन्ही एकाच नजरेत येतात, आणि गाडीपासून चालायचे अंतर फारच थोडे आहे. पती आणि मुलगा यांना पूल ओलांडायचाच असेल तर ते दोघे तासाभरात जाऊन येतील आणि तेवढ्यात आजी-आजोबांना मार्गदर्शक बॅलिंटॉयच्या बंदरावर नेईल. बसच्या सहलीत अशी फाळणी करता येत नाही. बंदराकडे उतरणारा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, पण खाली गाडी थेट पाण्यापर्यंत जाते.

डार्क हेजेस गाळा. अठराव्या शतकात एका घराण्याने आपल्या हवेलीच्या वाटेवर लावलेली ही बीचची झाडे आता थकली आहेत, वादळांत बरीच पडली आहेत, आणि एका गाजलेल्या मालिकेमुळे तिथे दिवसभर झुंबड असते. शिवाय ते ठिकाण किनाऱ्यावर नाही. कॅरिकफर्गसचा किल्ला भक्कम आणि अभ्यास करण्याजोगा आहे, पण तो बेलफास्टच्या अगदी जवळ असल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल रेल्वेने पाहता येतो. त्यासाठी खासगी गाडीचा तास खर्च करू नये.

बॅलीकॅसलनंतर एक निर्णय त्या क्षणी घ्यावा लागतो, आणि तो मार्गदर्शकावर सोडावा. मुख्य रस्ता डोंगरावरून आतून जातो. टॉर हेड या भूशिराकडून जाणारा रस्ता एका गाडीपुरताच अरुंद, चढ-उताराचा आणि समुद्राला चिकटलेला आहे. मोठ्या बसगाड्या तिकडे जात नाहीत. स्कॉटलंडच्या किनटायर द्वीपकल्पाचे टोक तिथून जेमतेम २० किलोमीटरवर आहे. हवा स्वच्छ असेल आणि कोणाला गाडी लागत नसेल तर या एका तुकड्यासाठी सगळा दिवस सार्थकी लागतो. ढग खाली आले असतील तर तिथे काहीच दिसत नाही आणि फक्त पोटात ढवळते. मग मुख्य रस्त्याने कुशेनडनला उतरून चहा घ्यावा. मुलाला गाडी लागत असेल तर हे सकाळीच सांगा, दुपारी नव्हे.

कुशेनडनपासून पुढे कार्नलॉख, ग्लेनआर्म आणि लार्न हा अँट्रिमचा जुना किनारारस्ता आहे. विल्यम बाल्ड या स्कॉटिश अभियंत्याच्या देखरेखीखाली तो १८३२ ते १८४२ या काळात बांधला गेला. त्याआधी डोंगरांमधल्या या दऱ्यांतल्या लोकांना बेलफास्टपेक्षा समुद्रापलीकडचे स्कॉटलंड जवळचे होते. बाल्डने वरच्या डोंगरातून रस्ता काढण्याऐवजी कड्याचा पांढरा चुनखडक सुरुंगांनी पाडला आणि त्याच दगडांच्या भरावावर कड्याच्या पायथ्याशी रस्ता नेला, म्हणून गाडीची एक बाजू लाटांना आणि दुसरी कड्याला लागून असते. या भागात कड्यांचा खालचा थर पांढरा आणि वरचा काळा दिसतो, कारण लाव्हा जुन्या चुनखडकावर पसरला होता. इथे उतरण्याचा हट्ट धरू नका. दमलेल्या माणसांनी बसून पाहावा असाच हा रस्ता आहे. कार्नलॉखच्या छोट्या बंदरात एकदा थांबले की पुरे. सप्टेंबरच्या मध्याला सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे साडेसहापर्यंत बेलफास्टला पोहोचताना पूर्ण उजेड असतो.

एवढे लिहिल्यावर दिवस असा उरतो: सकाळी आठला बेलफास्ट, सव्वानऊ ते पावणेबारा कॉजवे, मग डनलूस आणि जेवण, दुपारी बॅलिंटॉय व पोर्टानीव्ही, हवा पाहून टॉर हेड किंवा थेट कुशेनडन, आणि सावकाश किनाऱ्याने खाली. यातही पाऊस आला तर मी डनलूस किंवा बॅलिंटॉय सोडतो, कॉजवेचा वेळ कापत नाही. सप्टेंबरात वारा जोराचा असू शकतो. छत्री उलटते, म्हणून सगळ्यांना टोपीचे रेनकोट आणि आतून दोन पातळ थर घ्या. एकच जाड स्वेटर गाडीत उकडतो आणि बाहेर अपुरा पडतो.

व्हिसा वेळेत मिळाला नाही तर हाच विचार दक्षिणेच्या, म्हणजे प्रजासत्ताक आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याला लावा. गॉलवेला मुक्काम करा आणि तिथून क्लेअर परगण्याचा किनारा घ्या: बॅलीव्हॉनहून ब्लॅक हेडला वळसा घालणारा रस्ता, बरेनचे उघडे चुनखडकाचे पठार, आणि २१४ मीटर उंचीचे मोहरचे कडे. गॉलवेहून कडे दीड तासावर आहेत, डब्लिनहून तीन तासांहून अधिक. तिथेही कडे सकाळी लवकर किंवा चारनंतर पाहावेत आणि दुपारची गर्दी बरेनमध्ये, पौलनाब्रोनच्या पुरातन दगडी दफनस्थळाजवळ टाळावी. कड्यांवर वारा फार असतो. मुलाचा हात सोडू नये आणि कुंपणापलीकडे कोणी गेले तरी आपण जाऊ नये.

आता मार्गदर्शक निवडण्याविषयी. चालक आणि मार्गदर्शक एकच असेल की वेगवेगळे, हे आधी विचारा. या रस्त्यांवर एकच माणूस असणे चालते, फक्त अरुंद भागात त्याने बोलू नये अशी तुमचीच अपेक्षा असावी. भाडोत्री प्रवासी वाहतुकीचा परवाना आणि त्याच प्रकारचा विमा आहे का, हे संकोच न करता विचारा. ज्याच्याकडे आहे तो लगेच दाखवतो. उत्तर आयर्लंडमध्ये परीक्षा दिलेल्या मार्गदर्शकांना ब्लू बॅज मिळतो. तो नसलेलेही चांगले असतात, पण असलेल्याचा अभ्यास निश्चित झालेला असतो. भाव गाडीचा आहे की माणशी, त्यात इंधन, वाहनतळ आणि प्रवेशशुल्क धरले आहे का, ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर तासाला किती, आणि हवामानामुळे रद्द झाले तर पैसे किती परत, हे लेखी घ्या. पाच प्रवासी म्हटल्यावर सात आसनांची गाडी मागा आणि पायरी किती उंच आहे ते विचारा, कारण काही मोठ्या गाड्यांत चढणे आईंना पायऱ्यांइतकेच जड जाईल. मुलाची उंची १३५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर त्याला उंच बैठक हवी, ती गाडीत आहे याची खात्री करा.

भाषेचाही विचार करा. इथल्या बोलण्याचा हेल आई-बाबांना पहिल्या तासात कळणार नाही, आणि मग तुम्ही दिवसभर दुभाषी होऊन बसाल, समुद्राकडे पाहणे राहूनच जाईल. मार्गदर्शकाला आधीच सांगा की प्रत्येक थांब्यावर पाच-दहा मिनिटे सावकाश बोलावे, मध्ये थांबून तुम्हाला सांगायला वेळ द्यावा, आणि गाडी चालू असताना बराच वेळ गप्प राहिले तरी चालेल. बरेच मार्गदर्शक पैसे घेतले म्हणून अखंड बोलतात. त्यांना कोणी थांबायला सांगितलेले नसते.

पहिल्या पत्रात ठिकाणांची यादी पाठवू नका. त्याऐवजी प्रत्येकाचे वय, कोण किती चालू शकतो, किती पायऱ्या चढू शकतो, कोणाला गाडी लागते, खाण्याची पथ्ये आणि परतायची शेवटची वेळ लिहा, आणि ‘या माणसांना घेऊन तुम्ही हा दिवस कसा काढाल’ असे विचारा. जो उत्तरात ठिकाणे कमी करून देईल आणि गुडघ्यांविषयी उलट दोन प्रश्न विचारेल, त्याला ठरवा.